माफीचा जुम्मा

निजाम सरकारच्या नोकरीत मी गेवराई तालुक्यात गिरदावर होतो. गिरदावर म्हणजे गावोगाव फिरून पिकं पाहणारा, बांधांचे तंटे तपासणारा, आणि पाऊस कमी पडला तर कोणाच्या वावराला सरकारने किती माफी द्यावी हे लिहून वर पाठवणारा माणूस. फिरणं त्या नोकरीच्या नावातच आहे. मी मात्र फिरत नसे. मी गावात जाई, बसे, जेवे आणि परत येई. चावडीत सतरंजी अंथरलेली असे, पाटलाच्या घरून ताट येई, आणि ताट संपेपर्यंत वावरं पाहायची वेळ टळून गेलेली असे. मग पटवारी सांगेल ते पीक मी लिहून घेई. दहा-बारा वर्षांत तालुक्याची पिकं माझ्या दप्तरात जमली आणि तालुक्याचं तूप माझ्या अंगावर.

एका वर्षी हैदराबादेहून नवे तहसीलदार आले. उभे राहिले की शेरवानी खुंटीला टांगल्यासारखी दिसे, इतके वाळके. पहिल्याच दौऱ्यावर त्यांनी मला बरोबर घेतलं. एका गावच्या शिवारात टेकडीच्या माथ्यावर बांधाचा तंटा होता. त्या बांधाचा मी मागच्याच महिन्यात ‘समक्ष पाहून’ पंचनामा केलेला होता. तहसीलदार टेकडी चढू लागले. मी त्यांच्या मागे दहा-वीस पावलं गेलो आणि एका दगडावर टेकलो. ते वर जाऊन, सगळं पाहून, खाली आले तरी मी तिथंच.

त्यांनी माझा पंचनामा उलगडला. “गिरदावरसाहब, वहाँ तो बांध है ही नहीं. तुम्ही कुठून पाहिला?”

“इथूनच, हुजूर.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. पटका, चेहरा, मग बराच वेळ पोट. म्हणाले, “या तो पहाड कम कीजिए, या पेट.”

बरोबरचे पटवारी, चपरासी, पाटील सगळे खाली मान घालून हसले. दुसऱ्या दिवसापर्यंत ते वाक्य सगळ्या तालुक्यात गेलं. माझ्या बायकोने तर ते आमच्या दारावर आलेल्या कासाराकडून ऐकलं.

गेवराईत मशिदीच्या मागच्या गल्लीत एक म्हातारे हकीम बसत. मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा दारातच माझा मित्र भेटला. हा बागवान. गावाबाहेर त्याची आमराई होती आणि बाजारात फळांचं दुकान. लहानपणी आम्ही एकाच मौलवीसाहेबांकडे उर्दू शिकलो, एकाच छडीचा मार खाल्ला, त्यामुळे चारचौघांत तो मला ‘गिरदावरसाब’ म्हणे आणि एकांतात ‘बे’. अंगाने तो माझ्यापेक्षा कणभर जास्तच. गुडघे इतके दुखत की दुकानात एकदा बसला की उठता येत नसे. गिऱ्हाइकाने आपली आपण फळं निवडायची, आपणच तोलायची आणि याने गादीवरून फक्त मान हलवायची.

हकीमसाहेबांनी आमच्या दोघांच्या नाड्या एकदमच धरल्या, एकीकडे त्याची, एकीकडे माझी. मग डोळे मिटून म्हणाले, “दोघांचा मर्ज एकच. तोंड.”

पथ्यही एकच सांगितलं. दोन्ही वक्त अर्धी-अर्धी ज्वारीची भाकरी. बिनतेलाची उकडलेली पालेभाजी. लोणी काढलेलं ताक. सकाळी मेथीच्या दाण्यांचं पाणी. तूप नाही, गूळ नाही, मटण नाही, पुरण नाही. आणि बागवानाकडे वळून म्हणाले, “आंबा नाही. सीताफळ नाही.”

“हकीमसाब,” बागवान म्हणाला, “माझ्या दुकानात दुसरं हायच काय?”

“तेच तर म्हणतो.”

तेवढ्यात माझ्यातला सरकारी माणूस जागा झाला. मी म्हणालो, “हकीमसाहेब, सरकार इतकं कडक, पण दर जुम्म्याला कचेरी बंद असते. पीक बुडालं तर वावरालासुद्धा माफी मिळते. आमच्या पोटाला काहीच माफी नाही का?”

हकीमसाहेब हसले. त्यांना दात नव्हते, त्यामुळे हसणं दिसायला फार निरागस. म्हणाले, “बरं. आठवड्यातून एक दिवस. जुम्मा. एक वक्त, जे मन होईल ते खा. पण आधं पोट. आणि तहवार आला तर तहवाराच्या दिवशी.”

आम्ही त्यांचे हात धरून आभार मानले. बाहेर पडलो तेव्हा बागवान म्हणाला, “बे, वकील व्हायचं सोडून तू गिरदावर कावून झाला?”

आपल्या पथ्याची सुरुवात रीतसर व्हावी म्हणून आम्ही बाजाराच्या दिवशी धान्याच्या काट्यावर गेलो. तिथला मापाडी हाडकुळा, उन्हाने करपलेला माणूस होता. त्याचं गाव कोरडवाहू पट्ट्यात. थोडी जमीन होती, ती पिकत नसे, म्हणून तो बाजारात धान्य मापायला येई. त्याने एका पारड्यात मला बसवलं आणि दुसऱ्यात ज्वारीचं भरलं पोतं ठेवलं. पोतं वर गेलं. त्याने पहिल्या मापाला म्हणतात तसं मोठ्याने “लाभ!” म्हटलं आणि सगळा बाजार हसला. मग त्याने पोत्याच्या बाजूला एक दगड ठेवला, मग दुसरा. बागवानाला तिसराही लागला. ते दगड त्याने खडूने खूण करून बाजूला ठेवले.

“साहेब, हे तोलायचं कशापायी?” त्याने विचारलं.

मी पथ्याचं सांगितलं. जुम्म्याच्या माफीचंही सांगितलं, जरा अभिमानानेच.

तो काट्याची साखळी सारखी करत म्हणाला, “म्हंजी सा दिस अर्धी भाकर खायाची आन् एक दिस पोटभर. आमच्या घरी बी तसंच हाय साहेब, फकस्त तो एक दिस कोनी सांगितला न्हाई.” मग म्हणाला, “गेल्या साली तुमी आमच्या वावराला माफी लिवली न्हाई. पीक बरं हाय मनला. तुमी आलाच न्हवता.”

बागवान दुसरीकडे पाहू लागला. मी म्हणालो, यंदा बघतो. सरकारी माणसाकडे एवढंच उत्तर असतं आणि तेही त्याला फुकट मिळालेलं असतं.

पहिल्या जुम्म्याची गोष्ट सांगितली पाहिजे. त्या काळी आमच्यात आणि मुसलमानांत जाणंयेणं पुष्कळ, पण एकमेकांच्या चुलीवरचं खाणं नाही. मी मराठा, तलवाड्याच्या मोठ्या भाऊकीतला. ईदेला बागवानाच्या घरून माझ्याकडे कोरडा शिधा येई, शेवया, खजूर, साखर. तो माझी बायको घरी शिजवी. दिवाळीला आमच्याकडून त्याच्याकडे तसंच जाई. हे दोन्हीकडच्या वडिलांपासून चालत आलेलं होतं आणि त्यात कोणाला काही खटकत नसे.

जुम्म्याची नमाज झाल्यावर आम्ही त्याच्या आमराईत भेटायचं ठरवलं. मी घरून पुरणाच्या पोळ्या आणि गुळवणी बांधून नेली. त्याने घरून मटणाचं पातेलं आणलं होतं. आपापलं सोडून बसलो. सहा दिवस मेथीचं पाणी पिऊन आमचे डोळे बाहेर आले होते. मी पोळीचा घास घेतला. त्याच्या पातेल्यावरचं झाकण निघालं. तो वास मी आजही सांगू शकतो, पण सांगत नाही. मी त्याच्या पातेल्याकडे पाहिलं, त्याने माझ्या पोळ्यांकडे पाहिलं.

“आज माफी हाय ना बे?” तो म्हणाला.

“आहे की.”

बस्स. तेवढंच बोलणं झालं. पोटाचं पथ्य मोडायला आम्हाला हकीमाची परवानगी लागली होती. जातीचं पथ्य आम्ही कोणालाही न विचारता मोडलं आणि त्याला हात धुण्याइतकाही वेळ लागला नाही. त्याच्या पातेल्यात माझी पोळी बुडाली. असला प्रकार दोन्ही घरच्या बायकांनी पाहिला असता तर त्यांनी धर्मासाठी नाही, पण पुरणासाठी तरी आम्हाला हाकललं असतं.

आणि एक वक्त म्हणजे किती, याचाही निकाल आम्ही तिथेच लावला. जोवर माणूस जागेवरून उठत नाही तोवर ते एकच जेवण. आम्ही जागेवरून उठलोच नाही. मध्ये पान खाल्लं, थोडं लवंडलो, गप्पा मारल्या, पुन्हा जेवलो. ऊन उतरल्यावर उठलो. आधं पोट हे शब्द मला ऐकल्यासारखे वाटत होते, पण बागवान म्हणाला की हकीमसाब तसं काही म्हणाले नव्हते.

घरी बायकोने रिकामं फडकं झटकलं आणि म्हणाली, “अवो, सा दिस आंगण झाडायचं आन् सातव्या दिशी उकिरडा आणून वतायचा, असं त्या हकीमानं सांगितलं का तुमाला?”

“तुला वैद्यकातलं काय कळतं?”

“मला न्हाई कळत. मला सदरे कळतात. ह्यो सदरा गेल्या महिन्यात शिवला, आताच बटन लागंना.”

जुम्म्यावर भागलं असतं तर एक वेळ ठीक होतं. पण हकीमसाहेबांच्या तोंडून तहवार हा शब्द निघून गेला होता आणि आम्ही तो सोडणारे नव्हतो. त्या वर्षी पावसाळ्यात आमचे आणि त्यांचे सण एकमेकांच्या हातात हात घालून आले. नागपंचमी झाली, राखीपौर्णिमा झाली, तोच शबे-बरातचा हलवा आला. मग पोळा. माझा सण तो त्याच्या मित्राचा सण, म्हणून त्याला माफी. त्याचा सण तो माझ्या मित्राचा, म्हणून मला माफी. मैत्रीखातर माणूस काय काय सोसतो! रमजान लागला तेव्हा तो दिवसभर कडक रोजा धरी. मी दिवसभर कचेरीत चिवडा खाई आणि संध्याकाळी त्याचा रोजा सोडायला आमराईत हजर. रोजा त्याचा, इफ्तार दोघांचा. तेवढ्यात गौरी जेवल्या. पितृपंधरवड्यात मी गावातल्या पाच घरच्या पितरांचं जेवून आलो, कारण ते तर मेलेल्या माणसांचं मन राखणं. ईद झाली. एका दर्ग्याचा उरूस झाला. हुजूर निजाम सरकारांच्या सालगिरहची, म्हणजे वाढदिवसाची, सुट्टी आली, तीसुद्धा आम्ही सण म्हणून धरली, कारण सरकारी नोकराने ती न धरणं बरं दिसत नाही. सीताफळं पिकली तेव्हा बागवान म्हणाला, सीताफळाचा पहिला दिवस हा बागवानाचा सणच. दुसरा दिवस कोणाचा सण होता ते आता आठवत नाही.

मधले कोरडे दिवस मात्र आम्ही फार निष्ठेने पाळत होतो. अर्धी भाकरी खाताना चेहरा असा करत असू की पाहणाऱ्याला दया यावी. कचेरीत मी सगळ्यांना पथ्याचे फायदे सांगे. अंग हलकं वाटतं, झोप छान लागते, डोकं चालतं. हे सांगताना धाप लागे.

दसरा झाल्यावर आम्ही पुन्हा काट्यावर गेलो. मापाड्याने खडूच्या खुणेचे दगड जपून ठेवले होते. त्याने पोतं ठेवलं, माझे दोन दगड ठेवले. पारडं हललंच नाही. त्याने इकडेतिकडे पाहिलं, तिसरा दगड आणला. मग बागवानाचा काटा झाला, त्याला चार लागले आणि वर एक वीट. आजूबाजूचे हमाल, बैलगाडीवाले, भाजीवाल्या बाया सगळे जमले होते. एक बाई म्हणाली, “पथ्य लई मानवलं बया.” बाजारात जो हशा पिकला त्याचा आवाज मला घरापर्यंत ऐकू येत होता.

मी स्वतः हसलो. हसण्याशिवाय इलाज नव्हता. बागवान हसला नाही. तो पारड्यातून उतरला, उतरताना त्याला दोघांनी धरलं, आणि त्याचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता तसा झाला होता. तो सरळ हकीमसाहेबांकडे गेला. मी मागोमाग.

“तुमच्या जुम्म्याने आमचा घात केला,” तो हकीमसाहेबांना म्हणाला.

“मी आधं पोट म्हटलं होतं. तुम्ही जुम्मा ऐकला, आधं ऐकलं नाही.”

“आता जुम्मा नको, ईद नको, काही नको. कसम खातो. आजपासून एक दिवसाची माफी न्हाई.”

“कसम खाऊ नको,” हकीमसाहेब म्हणाले. “कसम पोटात जात नाही, डोक्यात जाते.”

पण त्याने खाल्ली. आणि खरोखर पाळली.

पुढचे तीन-चार महिने मला आयुष्यात सगळ्यात कंटाळवाणे गेले. बागवान उतरू लागला. आधी गाल गेले, मग हनुवट्या एकेक करून गेल्या, मग तो दुकानात उठून उभा राहून फळं तोलू लागला. इथपर्यंत मला आनंदच होता. पण अंगातली चरबी जाते तेव्हा ती जिभेत जाते की काय कोण जाणे. येईल त्याला तो उपदेश करू लागला. गिऱ्हाईक आंबट-गोड मोसंबी मागे, हा त्याला गोडाचे तोटे सांगे. फळं विकून पोट भरणारा माणूस फळं न खाण्याबद्दल बोले. जुम्म्याला तो आमराईत येई, पण जेवायला नाही. माझ्यासमोर बसून माझे घास मोजायला. “चौथी पोळी,” म्हणे. त्याच्या बायकोने एकदा माझ्याकडे निरोप पाठवला की त्यांना एखादा दिवस तरी काही खाऊ घाला, घरात बोलायची सोय राहिली नाही.

शेवटी मी आमराईत जाणंच बंद केलं. गावातल्या काही लोकांना ते बरं वाटलं असावं. मला बरं वाटलं नाही. एका पातेल्यात खाणारा माणूस समोर बसून मोजदाद करू लागला की त्या पातेल्यात काही राहत नाही.

मी स्वतःही काही शहाणा झालो नव्हतो. माझं पथ्य कधी सुटलं ते मलाच कळलं नाही. वाळक्या तहसीलदारांची बदली झाली आणि नवे आले ते माझ्याहूनही रुंद. पहिल्या भेटीत त्यांनी मला बसायला सांगितलं आणि विचारलं, “इथे जिलेबी कुठे चांगली मिळते?” मग पोट उतरवायचं कारणच उरलं नाही. एक मात्र झालं. त्या मापाड्याच्या गावी मी त्या वर्षी खरोखर गेलो, बैलगाडीतून उतरून वावरात उभा राहिलो. वावरात पीक नव्हतं, धसकटं होती. माफी लिहिली. यात मोठेपणा काही नाही, ते माझं कामच होतं. पण खरं पाहून लिहिलेला तो माझा पहिलाच कागद असावा.

माघात बागवानाच्या मुलीचं लग्न निघालं. वऱ्हाड बीडहून आलं. दोन मांडव घातले होते. एकात पाहुण्यांचं जेवण, बगारा भात, दालचा, मटण आणि वर गोड. दुसऱ्यात आम्हा हिंदू मंडळींसाठी वेगळा आचारी, वेगळी चूल, पुऱ्या, भाजी, बुंदी. ही रीत तेव्हा सगळीकडे होती. मी दुसऱ्या मांडवात पत्रावळीवर बसलो होतो. माझ्याबरोबर कचेरीतली माणसं, दोन-तीन गावांचे पाटील, तलवाड्याहून आलेले माझ्या भाऊकीतलेही चौघं-पाचजण.

पलीकडच्या मांडवात मोठ्या तबकांभोवती चारचार पाहुणे बसले. बागवान दस्तरखानाशेजारी उभा राहून आग्रह करत होता. नवरदेवाच्या चुलत्याने, दाढी मेंदीने रंगवलेल्या भारदस्त गृहस्थाने, त्याला हात धरून खाली बसवलं.

“समधीसाब, पहला निवाला आप का.”

“मी पथ्यावर हाय,” बागवान म्हणाला. “तुम्ही घ्या.”

“आज? मुलीच्या लग्नात?”

“कसम हाय.”

चुलत्यांनी तबकाकडे पाहिलं. बागवानाच्या उतरलेल्या गालांकडे पाहिलं. मग फार हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “या जेवणात असं काय आहे, जे घरचा मालक तोंडात घालत नाही?”

एकेक करून हात तबकावरून मागे गेले. पडद्यामागे बायकांची कुजबूज थांबली. बागवानाचा हात मांडीवर होता तो तसाच राहिला. तो घासाकडे बघत होता आणि त्याच्या कपाळावर घाम आला होता. त्याला खायचं नव्हतं असं नाही. चार महिने सगळ्या गावाला सांगितलेली गोष्ट सगळ्या गावासमोर मोडायची होती, ते जमत नव्हतं. माणूस उपाशी राहायला शिकला की त्याला सगळ्यात अवघड जातं ते कोणी बघत असताना जेवणं.

मी काय केलं ते ठरवून केलं असं मी म्हणणार नाही. मी उठलो. मला उठायला वेळ लागतो, त्यामुळे सगळ्यांनी पाहिलं. पहिल्या मांडवात गेलो, म्हणालो, “मियाँ, सरक,” आणि त्याच्या शेजारी तबकाला बसलो. मोठा घास केला, दालच्यात बुडवला, खाल्ला.

मग चुलत्यांना म्हणालो, “साहेब, या घरचं अन्न मी अख्खा पावसाळा दर जुम्म्याला खाल्लं आहे. माझ्याकडे बघा. यात काही असतं तर मी एवढा झालो असतो का?”

आधी कोणीतरी मागे खुदकन हसलं. मग चुलते हसले, दाढीवर हात ठेवून, अंग हलवत. हात पुन्हा तबकाकडे गेले. बागवानाने माझ्याकडे पाहिलं, डोळे भरले होते की घाम होता सांगता येत नाही, आणि त्याने घास घेतला. मग दुसरा. मग त्याला कोणी थांबवू शकलं नाही. त्या तबकाचा त्याने एकट्याने फडशा पाडला आणि दुसरं मागवलं.

एवढ्यात मी मागे वळून पाहिलं. इकडचे हात तबकाकडे गेले होते, तिकडचे हात पत्रावळीवरून उठले होते. माझी भाऊकी बुंदी टाकून उभी होती. पटके सारखे करून ते चौघं-पाचजण माझ्याकडे न बघता निघून गेले.

घरी गेलो तेव्हा बातमी माझ्या आधी पोचली होती. मी बायकोला म्हणालो, “आता काय करायचं?”

“काय करायचं म्हंजी? जेवलात ना? मग आज भाकरी टाकत न्हाई.”

“तुला राग नाही आला?”

“राग कवाच यिऊन गेला. अख्खा पावसाळा तुमच्या सदऱ्याला कोनाच्या मसाल्याचा वास येत हुता? धुतं कोन?”

तलवाड्यात बैठक बसली आणि मला वाळीत टाकलं. सरकारी माणूस म्हणून तोंडावर कोणी काही बोललं नाही. नमस्कार होत, सतरंजी अंथरली जाई, पाणीसुद्धा येई. फक्त ताट येत नसे. ताटाऐवजी कोरडा शिधा येई, पीठ, डाळ, चार मिरच्या. आणि मला स्वयंपाकातलं ओ की ठो येत नव्हतं. चपरासी सुतार होता, त्याच्या हातचं मी खाल्लं असतं, पण मी बाटलेला म्हणून तोच माझ्या पिठाला हात लावीना. महिन्यातले वीस दिवस मी दौऱ्यावर. स्वतः थापलेली ती भाकरी एका बाजूने कच्ची, दुसऱ्या बाजूने कोळसा. मधलं जेवढं खाण्यासारखं असे तेवढं अर्ध्या भाकरीएवढंच भरे. जेवणाची वाट बघत बसायचं उरलं नाही, म्हणून वेळ घालवायला मी वावरं बघत फिरू लागलो. सणावाराला कोणी बोलवेना. लग्नाला कोणी बोलवेना. अक्षय्य तृतीयेला पितरांनीसुद्धा मला सोडलं. हकीमाला जे जमलं नाही ते माझ्या भाऊकीने अडीच महिन्यांत करून दाखवलं. सदऱ्याची बटणं लागू लागली. इतकं कडक पथ्य, एका दिवसाचीही माफी नाही, आणि तेही कसलीच फी न घेता.

बागवान एकदा घरी आला. मधल्या काळात तो पुन्हा थोडा भरला होता. त्याच्या बोलण्यातला उपदेश गेला होता. म्हणाला, हकीमसाहेबांकडे जाऊन आलो, आता जुम्म्याला खातो, आणि आधं पोट खातो. “आधं पोट लई अवघड हाय बे. समदं सोडनं सोपं हाय, समदं खानं त्याच्याहून सोपं हाय. आधं म्हंजी मधीच थांबायचं.” बायकोने त्याला दूध दिलं, घरातल्या पेल्यातून. तोही घरातल्यासारखा प्याला.

शेवटी भाऊकीने मला माफ करायचं ठरवलं. वैशाखात बैठक झाली. अपराध काय, तर मी नको तिथे जेवलो. शिक्षा काय, तर मी सगळ्या भाऊकीला जेवू घालायचं. पुरणपोळी, तुपासकट, आणि पंगतीत मीही बसायचं. मी ऐकत होतो आणि ओठ दाबून धरत होतो. डोकं भादरून, गोमूत्र शिंपडून घेऊन मी शुद्ध झालो, आणि मग तलवाड्यात अशी पंगत उठली की चार गावांत नाव निघालं. माझ्या बायकोने दोन दिवस पुरण वाटलं. अपराधाच्या मानाने मंडळींनी शिक्षा फारच मनावर घेतली. एकेकाने आठ-आठ पोळ्या खाल्ल्या.

बैठकीत माझ्याविरुद्ध सगळ्यात मोठ्याने बोलले होते ते आमचे थोरले चुलते. सत्तरीचे, गळ्यात माळ, शब्दाला वजन. पंगतीत त्यांनी मला मुद्दाम आपल्या शेजारी बसवलं, सगळ्यांना दिसावं म्हणून. नववी पोळी त्यांच्या पानात पडली तेव्हा त्यांनी गुळवणीची वाटी सरकवली, इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या कानाजवळ तोंड आणलं.

“काय रं,” ते म्हणाले, “त्यो दालचा मनत्यात, त्यात मटान आन् डाळ एकदमच शिजिवत्यात का येगयेगळं?”

मी सांगितलं. डाळ कोणती, चिंच किती, दुधी भोपळ्याच्या फोडी केव्हा घालायच्या, सगळं सांगितलं. ते लक्ष देऊन ऐकत होते. पोळी तशीच हातात होती, तूप कोपरापर्यंत ओघळलं होतं.

“आंबट लागतं मंग?”

“जरासं.”

“हं,” ते म्हणाले, आणि वाढप्याकडे न पाहताच आणखी एका पोळीसाठी त्यांनी बोट वर केलं.